जनरलसाहेबांचा घसा बसतो तेव्हा

जनरलसाहेबांना बढत्या मिळाल्या त्या आवाजावर, असं त्यांची बायको म्हणे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. लष्करात भरती झाले तेव्हा ते अंगाने काडीपैलवान. धावण्यात मागे, नेमबाजीत बेताचे. पण पहिल्याच कवायतीत त्यांनी असं काही 'सावधान' ठोकलं की शेजारच्या मैदानावरची तुकडीही ताठ उभी राहिली. मग त्यांना कुणी मागे ठेवलं नाही. कॅप्टन, मेजर, कर्नल करत ते मेजर जनरल होऊन निवृत्त झाले. मधल्या काळात एक लढाई पाहिली, एका मोठ्या पुरात गावंच्या गावं सुखरूप हलवली, तीही बरीचशी ओरडूनच. जवान पाठीमागे त्यांना 'भोंगा' म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

निवृत्तीनंतर मात्र तो आवाज तीन खोल्यांत मावेना. त्यांनी चहात साखर मागितली तरी खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बाहेर बघत. बायकोने थोडे दिवस सोसलं, मग शहरातल्या युवक पथकाला प्रमुख हवाय ही बातमी तिनेच आणली.

"अहो, चांगली पोरं आहेत. शिवाय मैदान मोकळं आहे, अगदी गावाबाहेर," ती म्हणाली. 'गावाबाहेर'वर तिचा जरा जास्तच भर होता.

साहेब पथकात रमले. पोरांसोबत चिखलात उतरत, गाठी मारायला शिकवत, कुणाचं नाव म्हणून विसरत नसत. पोरांचा जीव होता त्यांच्यावर, पण त्यांच्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. वाद घालण्यात पटाईत असलेली 'वकीलबाई' ही टोळीनायिकासुद्धा त्यांच्यापुढे फक्त "हो सर" म्हणे.

वार्षिक शिबिराच्या तोंडावर साहेबांचा घसा बसला. डॉक्टरीणबाईंनी आत दिवा टाकून पाहिलं आणि मान हलवली.

"तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही."

साहेबांनी तोंड उघडलं.

"नाही म्हणजे नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तीनच आठवडे?" बायकोने विचारलं.

शिबिराला जाऊ नका, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. साहेब गळ्याला मफलर गुंडाळून, शिट्टी खिशात घालून गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर दोरांचा पूल बांधायचा होता. साहेबांनी शिट्टी वाजवली. पोरांना ती जेवणाची वाटली आणि सगळे ताटं घेऊन हजर झाले. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि खुणा सुरू केल्या. आधी ओढा दाखवला, मग दोर. मग झाडाला घट्ट आवळून बांधा, हे सांगण्यासाठी त्यांनी हवेतच दोन्ही हातांचा विळखा घालून दाखवला. पोरं एकमेकांकडे बघू लागली. सरांची आज्ञा ती आज्ञा. क्षणभरात सगळं पथक काठावरच्या झाडांना मिठ्या मारून उभं राहिलं. वकीलबाईने तर डोळेही मिटून घेतले होते.

साहेबांना इतकं हसू आलं की ते मटकन खालीच बसले. आवाज फुटत नव्हता, नुसतं पोट हलत होतं. एवढे हसणारे साहेब पोरांनी कधी पाहिले नव्हते. त्यांना आधी वाटलं, सरांना झटका आला. मग कळलं, आणि तीही हसत सुटली.

त्यानंतर पोरांनी आपापसांत भांडत, ओढाताण करत पूल उभा केला. साहेबांनी लांबूनच बघून अंगठा वर केला आणि शिरस्त्याप्रमाणे पहिलं पाऊल स्वतः टाकलं. अधिकाऱ्याने पुढे असायचं, हा त्यांचा जन्माचा नियम. मधोमध पोहोचले आणि दोर सरकला. मेजर जनरल गुडघाभर पाण्यात धप्पकन बसले.

काठावरून 'कासव' बोलला. हा मुलगा सगळ्या कामात शेवटचा, म्हणून हे नाव.

"सर, मला वाटलंच होतं. पलीकडची गाठ सैल होती."

साहेबांनी पाण्यात बसूनच हात उडवले: मग बोलला का नाहीस?

उत्तर वकीलबाईने दिलं. "सर, तुम्ही बोलत असता तेव्हा मध्ये जागाच सापडत नाही. आज तुम्ही गप्प होतात, पण आम्हाला सवय नाही ना."

साहेब तसेच बसून राहिले. पाणी गार होतं, पण त्याचं त्यांना भान नव्हतं. किती कॅप्टन, किती सुभेदार आपल्यासमोर नुसते "जी साहेब" म्हणून गेले असतील, आणि त्यांच्या मनात काय काय राहून गेलं असेल, हा हिशेब लागण्यासारखा नव्हता. ते उठले, कासवाच्या हातात दोर दिला आणि स्वतः पलीकडचं टोक धरून उभे राहिले. कासवाने फार वेळ घेतला. कुणी त्याला घाई केली नाही. संध्याकाळपर्यंत सगळं पथक त्या पुलावरून चार-चारदा आलं-गेलं.

तीन आठवड्यांनी आवाज परत आला, होता तसाच्या तसा. खालच्या मजल्यावर पुन्हा दारं उघडू लागली. स्वभावही काही एका ओढ्यात धुऊन निघत नाही. पण हुकूम दिल्यावर साहेब आता थांबत आणि विचारत, "कुणाला काही म्हणायचंय?" सुरुवातीला कुणी बोलेना. पुढे पोरं इतकी बोलू लागली की कवायतीला उशीर व्हायचा.

वार्षिक मेळाव्यात संचलनाचे हुकूम साहेबांनी वकीलबाईवर सोपवले आणि स्वतः पाहुण्यांत जाऊन बसले. तिने घाबरून 'डावीकडे'च्या जागी 'उजवीकडे' म्हटलं. अख्खं पथक पावलं आपटत थेट पाहुण्यांच्या खुर्च्यांवर चालून आलं. साहेबांनी दात आवळले, खुर्चीचे हात घट्ट धरले. शेजारी बायको त्यांच्याकडे बघत होती.

"ओरडा की," ती हळूच म्हणाली.

साहेबांनी नकारार्थी मान हलवली आणि पाय तेवढे आखडून घेतले.