जुन्या गाडीचा आवाज

"काका, उजवीकडे म्हटलं होतं मी."

वकीलबाईंनी मागच्या सीटवरून हे तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा कुठं काकांच्या कानी पडलं. तोवर वळण मागं राहिलं होतं.

"नवी गाडी आहे बाई. हात बसायला वेळ लागणार."

"नऊ दिवस झाले की."

"माणसाला बायकोची सवय व्हायला वर्ष लागतं. ही तर गाडी."

बाई हसल्या. काकांनी पुढच्या चौकातून गाडी फिरवून घेतली, पण त्यांना काही हसू आलं नाही.

गाडी म्हणजे लांबलचक करड्या रंगाची सेडान. दार बोटानं ढकललं तरी गप लागे. जुनीचं दार आपटावं लागे, आणि वर कोपराचा एक दणका द्यावा लागे. चौदा वर्षं चालवली ती काकांनी. तिसऱ्या गिअरला ती कुरकुरे, चढावर धापा टाकी, आणि काचा तर कवळी सैल झाल्यासारख्या वाजत राहत. काका तिला दिवसाला दहा शिव्या घालत, पण तिला काय दुखतंय ते त्यांना हातापायांतून कळे. नवी काही बोलायलाच तयार नव्हती. गिअर आपला आपण बदले. क्लच नव्हताच, त्यामुळे डावा पाय दिवसभर नुसता चुळबुळत राही. सिग्नलला इंजिन चालू आहे की बंद, तेही कळेना. दोनदा ते गाडी चालूच ठेवून खाली उतरले होते.

"बरं, ऐका आता," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मांडीवर कागद उघडले.

हा त्यांचा रोजचा परिपाठ. घरापासून कोर्टापर्यंत चाळीस मिनिटं लागत. तेवढ्यात बाई त्या दिवसाचा युक्तिवाद काकांना ऐकवत. काकांची शाळा चौथीपर्यंतची. बाई म्हणत, काकांना पटलं की न्यायाधीशांना पटतंच. काकांचं काम एवढंच, की गाडी चालवताना ऐकायचं आणि जिथं पाय घसरतोय असं वाटेल तिथं म्हणायचं, "थांबा." असे थांबे त्यांनी कितीतरी घातले होते. शिडीवर चढलेल्या माणसाला दाराचं कुलूप कसं दिसलं, हा प्रश्न कोर्टात गाजला होता. तो काकांचा होता. ही गोष्ट त्यांनी बायकोखेरीज कुणाला सांगितली नव्हती.

पण या नऊ दिवसांत बाईंचा आवाज तुटक तुटक येऊ लागला होता. आजही तसंच झालं. प्रकरण एका गोदामाच्या रखवालदाराचं होतं. चोरी झाली त्या वेळी झोपला होता, असं म्हणून त्याला कामावरून काढलं होतं. निकाल लागेपर्यंत त्याला कामावर ठेवावं, असा आज अर्ज होता. एवढं काकांना कालपासून ठाऊक होतं. पुढचं सगळं दुसऱ्या खोलीतल्या बोलण्यासारखं. आरशात बाईंचे ओठ हलत होते. मध्येच 'गेट' ऐकू आलं, मग 'वही'.

ओठ थांबले. बाईंनी आरशात पाहिलं.

"पटलं," काका म्हणाले.

कोर्टाच्या आवारात गाडी लावली, तेव्हा बाकीचे ड्रायव्हर भोवती जमले. एकानं बॉनेटवरून हात फिरवला.

"गाडी नवी आणि ड्रायव्हर जुनाच? मालकीणबाईंनी अर्धंच काम केलं म्हणायचं."

सगळे हसले. त्यातला एक जण पाठीमागून काहीतरी बोलला. काकांनी वळून पाहिलं नाही, तेव्हा त्यानं खांद्याला धरून हलवलं. "काय काका, नव्या गाडीत बसून माणसं ओळखेनात वाटतं?"

काका गाडीत जाऊन बसले. पुन्हा उतरले. पुसलेली काच पुन्हा पुसली. दोन वर्षांपूर्वी बायको म्हणाली होती, "तुम्हाला एक हाक मारली की आधी शेजारीण ओ देते." तेव्हा त्यांनी ते थट्टेवारी नेलं होतं. आता एकेक गोष्ट जुळायला लागली, आणि जिवाला स्वस्थता मिळेना.

दुपारी बाई पायऱ्या उतरून आल्या. त्यांच्यामागं रखवालदार होता, इस्त्रीचा सदरा घातलेला. तो गाडीपाशी आला नाही. हात जोडून फाटकाकडे चालू लागला.

"अर्ज फेटाळला," बाई दार ओढत म्हणाल्या. रागामुळं त्यांचा आवाज चढला होता, म्हणून काकांना सगळं नीट ऐकू आलं. "मी म्हणते माणूस रात्रभर मागच्या गेटवर होता. आणि पुढच्या गेटवरच्या वहीत त्याचीच चारची सही. न्यायाधीशांनी पहिलं तेच विचारलं. एवढं मोठं भोक, आणि ना मला दिसलं ना तुम्हाला. तुम्हीसुद्धा पटलं म्हणालात, काका."

काकांनी गाडी सुरू केली. दोन चौक गेल्यावर त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. मग ते मागं वळून बसले.

"बाई, मला ऐकूच आलं नव्हतं."

"म्हणजे?"

"सकाळी तुम्ही बोलत होता ते. काल, परवाचंही निम्मंच. जुन्या गाडीत ऐकू यायचं, कारण तिच्या आवाजापायी तुम्ही ओरडून बोलायचात."

"मी ओरडायचे?"

"चौदा वर्षं. कोर्टातल्यापेक्षा जास्त."

"मग तसं सांगायचं ना. पटलं कशाला म्हणालात?"

"भीती वाटली."

"कसली? नोकरीची?"

"तीही." काकांनी मान खाली घातली. "पण ऐकवणं बंद कराल, याची जास्त."

बाजूनं एक ट्रक गेला.

"हॉर्न येतो ऐकू?"

"जाडा येतो. बारका नाही."

"माझ्याकडं बघून खरं सांगा. सायकलची घंटी?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

बाई उतरल्या आणि पुढचं दार उघडून उभ्या राहिल्या. "उतरा. कान तपासून होईपर्यंत मी चालवते."

"आणि मग?"

"डॉक्टर काय म्हणतो ते बघू. आत्ता त्या बाजूला बसा. आणि हे कागद धरा."

बाईंनी सात-आठ वर्षांत स्टीअरिंगला हात लावला नव्हता. गाडीनं आधी एक हिसका दिला, मग निघाली. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी घसा खाकरला आणि मोठ्यानं सुरुवात केली. "वरच्या कोर्टात जायचंय आपल्याला. सांगते पहिल्यापासून. माझा अशील रात्री दहाला कामावर आला—" सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला दचकून बघू लागला. बाईंनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. दहा, बारा, दोन, असं करत त्या चारच्या सहीपर्यंत आल्या.

"थांबा," काका म्हणाले. "मागच्या गेटवरून पुढं येऊन सही करायची आणि परत जायचं, असा नियमच असंल तर? त्याला विचारलं का?"

बाईंनी गाडीचा वेग कमी केला. "नाही विचारलं."

"विचारा मग."

त्या पुढं बोलू लागल्या, होत्या त्याहून मोठ्यानं. काका शब्दन् शब्द ऐकत होते. फक्त चालत्या गाडीत मोकळे हात ठेवायचे कुठं, ते त्यांना कळत नव्हतं. आधी त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले, मग दाराच्या कडीवर. शेवटी दोन्ही हातांनी त्यांनी मांडीवरचे कागद घट्ट धरले आणि समोरच्या रस्त्याकडं पाहत राहिले.