आडवाटेची माणसं

लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून काम करताना खिशातला मोबाईल काढू नये, हे म्होरक्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. नवीन कामगारांना तो स्वतःच ते बजावायचा. तरीही त्या सकाळी मोबाईल थरथरला आणि त्याचा हात खिशात गेलाच.

म्होरक्या हे त्याचं खेळातलं नाव. इंटरनेटवरच्या एका लढायांच्या खेळात त्याची एक गिल्ड होती, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांची टोळी. टोळीचं नाव 'आडवाट'. कुठकुठल्या गावांतली, कुठकुठल्या खोल्यांत बसलेली माणसं. एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नाही, ओळख काय ती आवाजाची. ती त्याला म्होरक्या म्हणत, आणि चिडवता चिडवता बायकोही तेच म्हणायला लागली होती. टोळीची एक गढी होती. दर रविवारी दुपारी कोणी ना कोणी तिच्यावर चालून यायचं, आणि ती राखायला माणसं लागायची. भरपूर माणसं होती तोवर सगळी मजा होती. पण 'वणवा' नावाची एक बडी टोळी अलीकडे शेजारी येऊन बसली होती, आणि आडवाटेची माणसं एकेक करून तिकडे सरकत होती.

मोबाईलवर तेच आलं होतं. 'भोवरा यांनी गिल्ड सोडली.'

 भोवरा कोणाच्या अध्यात नव्हता, मध्यात नव्हता. कधी कुरकुर नाही, रविवारी सगळ्यांच्या आधी हजर. असा माणूस जातो तर मग राहतंय कोण? तो ती ओळ पुन्हा वाचत होता तेवढ्यात वरच्या मशीनच्या खोलीतून त्याच्या वरच्या मेकॅनिकचा, वस्तादचा, आवाज आला, "हलवू का?"

"हं," म्होरक्या म्हणाला. कशाला हं म्हटलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

लिफ्ट खाली सरकली. भिंतीतून पुढे आलेल्या लोखंडी पट्टीने त्याच्या जाकिटाची बाही धरली आणि हात वर खेचला. दुसऱ्या हाताने त्याने थांबवायचं लाल बटण दाबलं म्हणून निभावलं. बाही खांद्यापासून कोपरापर्यंत फाटली आणि दंडाला लांब ओरखडा आला.

वस्ताद खाली आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने जखम पाहिली, फाटकी बाही पाहिली, मग हातातला मोबाईल पाहिला.

"काय होतं एवढं?"

"एक जण सोडून गेला," म्होरक्या म्हणाला.

वस्तादने डोक्यावरची टोपी काढली. "अरेरे. वय काय होतं?"

"माहीत नाही."

"नात्यातलं नव्हतं का?"

"तसं नाही वस्ताद. खेळातला होता. आमच्या टोळीतून दुसऱ्या टोळीत गेला."

वस्तादने टोपी परत घातली. "म्हणजे जिवंत आहे?"

"हो."

"मग तूही राहा की," वस्ताद म्हणाला, आणि मोबाईल त्याच्या हातातून काढून हत्यारांच्या पेटीत टाकला. "उद्यापासून कामावर आलास की हा इथे. नाहीतर घरी बस."

दिवसभर पेटी अधूनमधून आतून घरघरत होती. म्होरक्या दरवाज्यांचे रूळ साफ करत होता, पण त्याचे कान पेटीकडे. आता कोण गेलं? हातोडा तर नाही?

हातोड्याची भीती सगळ्यात मोठी. टोळीतला सगळ्यात तगडा लढवय्या तो. गढीची उत्तरेकडची भिंत एकट्याने सांभाळायचा. पण तोंड असं की ऐकणाऱ्याचे कान किटावेत. म्होरक्या खेळातल्या बाजारात तासन्‌तास उभा राहून नवीन माणसं गोळा करायचा, गोड बोलून आत आणायचा, आणि दोन लढायांत हातोडा त्यांना फाडून खायचा. माणसं आली तशी निघून जायची. टोळीची धर्मशाळा झाली होती. हातोड्याला समज द्यावी तर तो म्हणायचा, "मग मी जातो वणव्यात." हे तो दर आठवड्याला म्हणायचा, आणि दर आठवड्याला म्होरक्या त्याच्या नाकदुऱ्या काढायचा.

संध्याकाळी बायकोने बाही पाहिली. ती एका हॉस्पिटलच्या धुलाई विभागात मुकादम होती. दिवसभर चादरींच्या घड्यांवर देखरेख करणारी ही बाई घरी आल्यावर कपड्यांना हात लावत नसे. घड्या घालायचं काम त्याचं. तो पलंगावर कपड्यांचा ढीग घेऊन बसला होता.

"हे कशाने?"

खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं, पण ओरखडा दिसत होताच. त्याने सगळं सांगितलं. ती उठली. कापूस आणि औषध घेऊन आली, दंड पुसला, जरा जोरानेच पुसला.

"ओसाड गावची पाटीलकी," ती म्हणाली. "त्यापायी हात घालवून बसला असतात."

"गाव ओसाड पडू नये म्हणूनच तर चाललंय."

"मग काय करताय त्यासाठी?"

"हातोड्याला सांभाळतोय. तो गेला तर संपलंच. तो सारखा जातो म्हणतो."

"सारखा म्हणतो?"

"दर आठवड्याला."

"मग तो नाही जायचा." तिने बाटलीचं झाकण लावलं. "माझ्याकडे इस्त्रीवर एक बाई आहे. रोज राजीनामा देते. मी तिथे लागले त्याच्या आधीपासून देतेय. जाणारा माणूस असा वाजत नाही हो. जाणारा आधी गप्प होतो. काही मागायचं सोडतो. भांडायचंही सोडतो. काहीही विचारा, चालेल म्हणतो. मग एक दिवस बघावं तर त्याच्या खुंटीवर डबा नसतो. हा तुमचा भोवरा शेवटी शेवटी काय म्हणायचा?"

म्होरक्या आठवायला लागला. भोवऱ्याला मागच्या भिंतीवर उभं केलं होतं, पुढची हवी होती त्याला. चालेल म्हणाला होता. लुटीतला वाटा हातोड्याला जास्त दिला होता. तेव्हाही चालेलच म्हणाला होता. आणि मग त्याच्या हातातला शर्ट अर्धवट घडीतच राहिला, कारण त्याला दुसरं एक माणूस आठवलं, जे गेले कित्येक आठवडे प्रत्येक गोष्टीला चालेलच म्हणत होतं.

शिंपी.

शिंपी ही टोळीतली बाई. लढायची नाही, सगळ्यांची चिलखतं शिवायची, फाटलेली जोडून द्यायची. तिच्याशिवाय लढाईला उभं राहणं म्हणजे उघड्या अंगाने निखाऱ्यावर बसणं. आणि म्होरक्याला तिचा आवाज शेवटचा कधी ऐकला तेसुद्धा आठवेना.

शनिवारी संध्याकाळी ती खेळात दिसताच त्याने तिला बाजूला बोलावून विचारलं. शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे ऐनवेळी पळाले. "तुम्ही जाणार आहात का?" एवढंच तोंडातून निघालं.

 ती म्हणाली, "हो. वणव्याने विचारलंय. उद्याची लढाई झाली की सांगणारच होते."

"माझं काही चुकलं का?"

"चुकलं असं नाही. तुम्ही मला शेवटचं काय विचारलं होतं, आठवतंय?"

त्याला आठवत होतं, आणि सांगायची लाज वाटत होती. "झालं का, असं."

"दर वेळी तेच. झालं का? झालं का? त्यात वाईट काही नाही, माझं कामच ते. पण बाजारात उभे राहून तुम्ही नवीन माणसांशी किती गोड बोलता ते मी वाचते ना. मला वाटायचं, आपणही एकदा बाहेर जाऊन नवीन म्हणून परत यावं."

 थांबा म्हणावं तर कोणत्या तोंडाने. "तुम्ही खेळाबाहेर काय करता?" त्याने विचारलं.

ती हसली. "आता विचारताय? चष्म्याच्या दुकानात असते मी. लोकांचे डोळे तपासते." मग म्हणाली, "उद्याची चिलखतं मी करून ठेवलीत. सगळ्यांची. त्याची काळजी नको."

काळजी नको म्हटल्याने काळजी जात असती तर काय हवं होतं. रविवारी दुपारी म्होरक्या वेळेच्या बराच आधी खुर्चीत बसला. बायको शेजारच्या खोलीत पंख्याची पाती पुसत होती. पडद्यावर नावं एकेक करून उजळत होती, आणि जी उजळत नव्हती तीच त्याला जास्त दिसत होती.

वणवा पूर्ण ताकदीने चालून आला. सुरुवातीला आडवाट टिकली. हातोडा भिंतीवर एकटा दहा जणांसारखा लढत होता आणि शंभर जणांसारखा बोलत होता. त्यातच सगळ्यात नवीन माणसाने घोळ घातला. नवीन म्हणून सगळे त्याला पाहुणा म्हणत. आतलं दार लावायच्या ऐवजी त्याने बाहेरचं उघडलं आणि वणव्याची एक तुकडी सरळ अंगणात आली.

"ही खोगीरभरती कुठून उचलून आणलीस रे म्होरक्या?" हातोडा गरजला. "ए पाहुण्या, तुला डोळे आहेत की बटणं? घरी जा. आईला विचार दार कसं लावतात."

पाहुणा काही बोलला नाही. दुसरंही कोणी बोललं नाही. आणि ती शांतता म्होरक्याला पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आली. आजवर अशा शांततेला तो सगळं ठीक आहे असं समजत आला होता. टोळीच्या प्रमुखाला कोणाचाही आवाज बंद करता यायचा. ते बटण त्याने आजवर कधी दाबलं नव्हतं. आता दाबलं. 

"लढाई संपेपर्यंत हातोडा ऐकेल, बोलणार नाही," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "पाहुण्या, उजवीकडची साखळी ओढ. घाई नको."

पाहुण्याने साखळी ओढली. दार लागलं. आणि त्याच वेळी हातोड्याचं नाव विझलं. भर लढाईत तो निघून गेला.

उत्तरेची भिंत पडायला फार वेळ लागला नाही. मग अंगण गेलं, मग बुरूज. गढीवर वणव्याचं निशाण चढताना म्होरक्या नुसता बघत राहिला. हरल्यावर सगळे मुकाट निघून जातात हा नेहमीचा अनुभव. तो नावं विझायची वाट बघत बसला.

"दार मी उघडलं," पाहुणा म्हणाला. "माफ करा."

"मी आलो तेव्हा आपलाच पूल जाळला होता," कोणीतरी म्हणालं. म्होरक्याने तो आवाज याआधी ऐकलाच नव्हता. "शत्रू पलीकडे होता. आपली माणसंही पलीकडेच."

कोणीतरी हसलं. मग पुलाची गोष्ट निघाली, त्यावरून दुसरी निघाली. काही नावं विझली, पण बरीच तशीच राहिली. शिंपीने सगळ्यांचा निरोप घेतला, उरलेलं कापड आणि कातडं टोळीच्या कोठारात नीट लावून ठेवलं, आणि गेली. ती जाताना पाहुण्याने तिला धन्यवाद दिले. तेही आजवर कोणी दिले नव्हते.

पुढचे दिवस म्होरक्याने कसे काढले ते वस्तादला विचारा. मोबाईल पेटीत पडलेला आणि हा लिफ्टच्या खड्ड्यात तेल घालत असताना मान वर करून विचारणार, "वाजला का हो?" वस्ताद म्हणायचा, "वाजला. कोणीतरी आणखी वारलं असेल." दोघेतिघे खरंच गेले. प्रत्येक वेळी त्याला अन्न गोड लागेना. पण आता तो मागे राहिलेल्यांना एकेकाला गाठून बोलायला लागला होता. कोण आजारी आईजवळ बसून खेळतो, कोणाला पुढची भिंत हवी आहे, कोणाला लढायचंच नाही, नुसत्या गप्पा मारायच्या आहेत. इतक्या दिवसांत हे काहीच त्याला माहीत नव्हतं.

आठवडा संपायच्या आत हातोडा उगवला. जसं काही घडलंच नाही.

"पुढची लढाई कुठे आहे?"

"गढी गेली," म्होरक्या म्हणाला. "नदीवरची चौकी घ्यायचा विचार आहे. तू वणव्यात गेला नाहीस?"

"तिथे माझ्यासारखे वीस आहेत," हातोडा म्हणाला. "माझं काय म्हणणं होतं, नव्या लोकांना कोणीतरी आधी नीट शिकवायला हवं."

"तू शिकव."

 म्होरक्याला वाटलं, आता हा जातोय. मग आवाज आला, "बघतो." त्याचं तोंड काही एका रात्रीत सुधारलं नाही. पण शिव्या आता बहुतेक भिंतींना आणि दगडांना मिळत, आणि माणसाला मिळालीच तर म्होरक्या नुसतं "हातोड्या" म्हणायचा आणि तो थांबायचा.

शिंपीला म्होरक्याने मध्ये एकदा निरोप पाठवला, तिकडे कसं आहे म्हणून. ती परत येईल अशी मनात कुठेतरी आशा होती, खोटं कशाला बोला. तिचं उत्तर सरळ होतं. "इथेही झालं का एवढंच विचारतात. पण आम्ही जिंकतो. मला जिंकायला आवडतं हे मला तुमच्याकडे कधी कळलंच नसतं."

त्याला ते टोचलं. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "बरोबर आहे तिचं," आणि वर काही समजूत घातली नाही. मग त्याचं त्यालाच पटलं की सगळेच काही गप्पांसाठी येत नाहीत, आणि अशांना धरून ठेवायला त्याच्याकडे खरंच काही नव्हतं.

तो पुन्हा बाजारात जाऊन उभा राहिला. या वेळी गोड काही लिहिलं नाही. 'आडवाट. आमची गढी गेली. सध्या हरतो. माणसं हवी आहेत.' लोक वाचत आणि पुढे जात. कोणी हसायचं. 

शेवटी एक जण थांबला. "गढी नाही, जिंकत नाही, मग तुमच्याकडे आहे काय?"

म्होरक्या उत्तर शोधत होता, तेवढ्यात मागून हातोड्याने लिहिलं, "मी आहे."

 म्होरक्याने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पडद्यावर नवीन ओळ आली होती. "मला फारसं येत नाही."

"ये," हातोड्याने लिहिलं. "शिकवतो."

म्होरक्याने घाईघाईने त्या माणसाला आत घेतलं, हातोड्याचं मन बदलायच्या आत.