फळीतून आलेला पाहुणा

मित्रांनो, मी एक म्हातारा भुंगेरा आहे. माझी पाठ अजून हिरवी-सोनेरी चमकते, पण तिच्यावर जाऊ नका. अकरा वर्षं मी लाकडाच्या पोटात अळी होऊन काढली आहेत.

आईने एका जुन्या झाडाच्या सालीत अंडं घातलं, तो मी. पुढे ते झाड तोडलं गेलं. करवत माझ्यापासून बोटभर अंतरावरून गेली. फळ्या जहाजातून समुद्रापार आल्या आणि एका सुताराने त्यांचं पुस्तकांचं कपाट केलं. रंधा फिरत होता तेव्हा मी अंग चोरून बसलो होतो.

कपाट एका निवृत्त शिक्षिकेने घेतलं. मी आपला भूक लागेल तसं लाकूड कुरतडत राहिलो. काही वर्षांनी पुस्तकांवर पिवळा भुसा पडू लागला, तशी ती तडक सुताराकडे गेली.

"दादा, किडकं लाकूड गळ्यात मारलंत माझ्या!"

सुताराचा चेहरा पडला. त्याने कपाट परत आणलं, पण बोभाटा व्हायचा तो झालाच. ठरलेली गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली.

एका दुपारी मी फळीला भोक पाडून बाहेर आलो. उजेड पहिल्यांदाच पाहत होतो. समोर सुताराने पटाशी उगारलेली! त्याच्या बायकोने त्याचा हात धरला.

"अहो, थांबा! असला किडा पाहिलाय का कधी? आधी कुणाला तरी दाखवू."

कीटकांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी मला भिंगाखाली धरलं.

"हा इथला नाहीच. लाकडाबरोबर आलाय. आत बसलेला वरून कुणालाच दिसला नसता. याच्या देशातही आता असे थोडेच उरलेत."

"मग सोडू या का बिचाऱ्याला?" सुताराच्या बायकोने विचारलं.

"नको हो. याला जोडीदारीण मिळाली, तर इथली झाडं पोखरून निघतील."

मला वाईट वाटलं. पण मी काय खातो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी उरलेल्या फळ्याही तपासल्या. आत दुसरं कुणी सापडलं नाही; मी एकटाच होतो.

हे कळल्यावर शिक्षिका आली. "दादा, फार तोंड सोडलं मी. मनात ठेवू नका."

"जाऊ द्या बाई," सुतार हसला, "पाहुणा मी बोलावला नव्हता, पण घरी तुमच्या धाडला ना!"

आता मी काचेच्या बरणीत राहतो. सुताराची बायको रोज मधाचा थेंब ठेवते. माझे थोडेच दिवस उरलेत.

मित्रांनो, लाकूड दूरदेशी धाडण्याआधी ते नीट तपासा, आतली कीड मरेल इतकं तापवा. आणि शक्य असेल, तर जुनी झाडं उभीच राहू द्या. ज्या जंगलात मी जन्मलो, ते मी डोळ्यांनी कधी पाहिलंच नाही.