फावड्याचा एक ठोका

बाजाराच्या दिवशी कोपरगावात गनीभाईच्या हॉटेलात आम्ही तिघं-चौघं जमतो आणि साखर कारखान्याच्या छोट्या गाडीच्या गप्पा मारतो. लोक हसतात. गाडी जाऊन सहा वर्षं झाली, देश स्वतंत्र झाला, आणि यांचं अजून तेच दळण! आहे तर आहे. ज्यांनी ती गाडी पाहिलीच नाही त्यांच्याशी कोण वाद घालणार? दोन फुटी रूळ, उसानं भरलेले बुटके डबे आणि पुढे आमचं वाफेचं इंजिन, शेवंता. हे नाव कंपनीनं नव्हे, दाऊद उस्तादांनी ठेवलं होतं. चढावर शेवंता इतकी सावकाश चाले, की बाया आपली टोपली डब्यावर ठेवून शेजारून गप्पा मारत यायच्या.

उस्ताद तिचे ड्रायव्हर. माझं नाव कारभारी, मी त्यांचा फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. गप्पा रंगल्या की गनीभाई हटकून विचारतो, "उस्तादासारख्या मानसाच्या हातनं गाडी का काढली रं?" तोंडानं सांगायला जमत नाही, म्हणून आज लिहून टाकतो.

एकेचाळीस साली उस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. आधी धुकं, मग दिवसाढवळ्या तिन्हीसांजा. हे दोघांनाच ठाऊक होतं, त्यांच्या बायकोला, म्हणजे हसीनाचाचीला, आणि मला. उस्ताद म्हणाले, "कारभारी, इंजनावरनं उतरवलं तर मी जगत न्हाई. घरात बसून काय करू? कोंबड्या मोजू?" त्यावर आम्ही एक युक्ती काढली. समोर बघायचं मी, आणि फावडं भट्टीच्या दारावर आपटायचं. एक ठोका म्हणजे वाट मोकळी. दोन म्हणजे हळू. तीन म्हणजे थांबा. फायरमन फावडं आपटतो याचं कुणाला नवल? बाकी सगळी वाट त्यांना पाठ होती. मोरीवर चाकांचा आवाज पोकळ येई, वळणावर इंजिन उजवीकडे झुके, तेवढ्यावर ते ओळखत. हे चूक होतं का? होतं. पण दोन हंगामांत आमच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा मेली नाही, हेही तितकंच खरं.

त्रेचाळीसचं गळीत संपलं आणि कंपनीनं लढाईच्या धामधुमीत रूळ, डबे, इंजिन, सगळंच लष्कराच्या डेपोला विकलं. इंजिनाबरोबर त्याचा ड्रायव्हरही जाणार होता, मात्र डेपोचे साहेब आधी इंजिनावर उभे राहून त्याचं काम बघणार होते. उस्तादांना तर आनंदच झाला. "शेवंता जाईल तितं मी," म्हणाले, आणि हसीनाचाचीला बोचकं बांधायला सांगून मोकळे झाले.

परीक्षेच्या दिवशी साहेब आले आणि नेमके माझ्या बाजूला उभे राहिले. इंजिनावर जागा ती केवढी! दोघांत कसंबसं भागायचं, तिथं तिघं. मला बाहेर बघायचं तर साहेबांच्या काखेखालून बघावं लागत होतं. त्यात कोळशाची नुसती भुकटी, आणि ती उडून साहेबांचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून शेडवाल्यांनी तिच्यावर पाणी मारून ठेवलेलं.

तरी निम्मी वाट नीट गेली. साहेब खूश दिसत होते. पुढं संगमनेर रस्त्याचं फाटक आलं. उस्तादांनी नेहमीसारखी शिट्टी दिली, वाफ कमी केली आणि माझ्या ठोक्याची वाट पाहू लागले. मी तेव्हा भट्टीपाशी वाकलेलो. ओली भुकटी फावड्याला चिकटून बसली, काही केल्या सुटेना. ती झाडायला मी फावडं दारावर आपटलं.

एकदा.

वाट मोकळी समजून उस्तादांनी वाफ वाढवली. साहेब वाफेचा काटा बघत होते, त्यांनी मान वर केली आणि ओरडले. मी उठून बघतो तर रुळांवर आमच्याच गावच्या कानिफनाथची बैलगाडी, चाक रुळांमधल्या फळ्यांत अडकलेलं. उस्तादांनी ब्रेक आवळला, पण उशीर झाला. कानिफनाथनं उडी टाकली म्हणून वाचला. एक बैल मात्र तिथंच पाय मोडून पडला. त्याचं ओरडणं मला अजून जेवताना आठवतं.

"बैलगाडी दिसली नाही?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई दिसली, साहेब. डोळं गेल्यात माजं."

"आणि हा फायरमन काय करत होता?"

"त्यो वाकून कोळसा टाकत हुता. त्येनं त्येचं काम केलं."

मी बोलायला हवं होतं. ठोका माझा होता, आणि त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून वाफ वाढवली होती. पण युक्ती सांगितली तर दोघांचीही नोकरी जाणार, हे डोक्यात आलं आणि तोंडाला कुलूप बसलं. साहेबांनी उस्तादांना विचारलं, "याला इंजिन चालवता येतं?"

"माज्यापरास बरं चालवतो," उस्ताद म्हणाले आणि हात पुढं करून, चाचपडत, इंजिनावरून खाली उतरले.

शेवंता मला मिळाली. कारखान्याच्या चाळीत, जिथं आम्ही राहायचो, कुजबुज सुरू झाली. आमची युक्ती कुणाला ठाऊक नव्हती, पण 'म्हातारा आंधळा झालेला कारभाऱ्याला ठाऊक असणार, त्यानं डाव साधला' असं लोक बोलू लागले. लोकांचं काय, वाऱ्यावरची वरात. मला भीती उस्तादांची होती. तो ठोका मी मुद्दाम दिला असं त्यांना वाटलं असेल तर? तेवीस दिवस मी त्यांच्या घरावरून गेलो नाही. विहिरीला जायचं तरी वळसा घालून जायचो.

शेवटी कोपरगाव स्टेशनात शेवंताला मोठ्या गाडीच्या वाघिणीवर चढवून साखळ्यांनी बांधलं. ड्रायव्हर म्हणून मीही तिच्याबरोबर निघालो होतो. तेवढ्यात हसीनाचाचीच्या खांद्यावर हात ठेवून उस्ताद फलाटावर आले. मी पुढं होऊन त्यांचे पाय धरले.

"उस्ताद, मी मुद्दाम न्हाई केलं. कोळसा चिकटला हुता. झाडायला आपटलं."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "ओल्या कोळशाचा वास मला शेडमदीच आल्ता. ठोका आयकला तवाच वाटलं, ह्यो झाडायचा तर न्हाई? इचारायला पायजे हुतं."

"मग इचारलं का न्हाई?"

"दोन वर्सांत तुला कदी दुसऱ्यांदा इचारलं का? एका ठोक्यावर गेलो. त्या दिशी परक्या मानसाम्होरं तुज्यावर शंका घिऊ?"

दोन वर्षं या माणसानं माझ्या फावड्यावर सगळ्यांचे जीव सोपवले होते. आणि मला त्याच्या दारापर्यंत जायचाही धीर झाला नाही. दिसत नसताना तोच धडपडत माझ्याकडं आला होता. मी तिथंच, हमालांच्या देखत, हुंदके देऊन रडू लागलो.

हसीनाचाचीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "रडू नगं, बाबा. त्यांला दिसत न्हाई, पन ऐकू येतंय."