काठोकाठ भरलेली बशी

नेझाचा शोधनिबंध उद्या जायचा होता. ल्युब्ल्यानाच्या त्या प्रयोगशाळेत आठ महिने ती एकच गोष्ट बघत आली होती: बशीतल्या द्रवस्फटिकावर ग्लिसरीनचे बारीक थेंब सोडले, की ते हळूहळू एकमेकांजवळ सरकतात. द्रवस्फटिक तसा पाण्यासारखा वाहता, पण त्याचे रेणू कवायतीला उभे राहिल्यासारखे एकाच दिशेला तोंड करून असतात. थेंब आला की ती रांग वाकते, ताणली जाते, आणि त्या ताणानेच थेंब एकमेकांना ओढतात, असं नेझाने लिहिलं होतं.

विदाबाई धुतलेल्या बशा पुसत होत्या. तीस वर्षं त्या हे काम निगुतीने करत आलेल्या. जाता जाता सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावरचे थेंब बघून त्या गालातल्या गालात हसल्या.

"का हसलात, विदाबाई?"

"काही नाही गं. आमच्या चर्चमधला अखंड दिवा आठवला. रोज सकाळी मीच बघते ना त्याचं. तेल खाली गेलं की काजळीचे कण अस्से मधोमध गोळा होतात."

"आणि तेल घातलं की?"

"काठोकाठ भरलं की जिथल्या तिथे. त्यांचं काय, उतार दिसला की घसरायचं. माणसासारखंच!"

नेझाने बशी उजेडात धरून कडेने पाहिली. द्रव जपून वापरायचा म्हणून तिची बशी कायम अर्धीच भरलेली असे. द्रव कडेला काचेवर चढायचा आणि मध्ये खोलगट व्हायचा. थेंब एकमेकांना ओढत नव्हते. सगळे मिळून खड्ड्यात उतरत होते!

तिने नवी बशी घेतली आणि अगदी काठापर्यंत भरली. थेंब सोडले. विदाबाईंनी डब्यातली पोटिका, अक्रोडाचं सारण भरलेली गोड गुंडाळी, पुढे केली, पण नेझाची नजर पडद्यावरून हटेना.

तासाभराने थेंब एकमेकांपासून दूर सरले होते. प्रत्येकाभोवती सहा, सारख्या अंतरावर. मधाच्या पोळ्यासारखे. ओढ नव्हतीच, ते एकमेकांना अंतर राखायला लावत होते.

तिने प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, कोबाल सरांना, दोन्ही बशा दाखवल्या.

"म्हणजे आठ महिने आपण खड्डा मोजला?"

"हो, सर. उद्या काही पाठवता येणार नाही."

"पाठवलं असतं तर जगभर हसं झालं असतं, पोरी. कुणाच्या लक्षात आलं?"

"विदाबाईंच्या."

सर उठले, स्वतः कॉफी केली आणि कप घेऊन विदाबाईंसमोर उभे राहिले.

"साखर विसरलात, सर," विदाबाई म्हणाल्या.

"निबंधावर तुमचं नाव घालणार आहे मी," नेझा म्हणाली.

"माझं कशाला? मी फक्त दिवा बघते. घालायचंच तर त्याचं घाल."

रविवारी नेझा तेलाची बाटली घेऊन टेकडीवरच्या चर्चमध्ये गेली. विदाबाईंनी दिवा खाली घेऊन दिला. नेझाने हात सावरत तेल ओतलं, काठापर्यंत. एक थेंब सांडला. तो तिने बोटाने टिपला आणि नकळत कपाळाला लावला.