घरघरीतला सा

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. वय पंचावन्न, वजन अठरा किलो. पोटात काचेच्या चार नळ्या आहेत. त्या तापून केशरी झाल्या की मी गातो. म्हणजे गाणारा दुसराच असतो, मी फक्त त्याचा आवाज मोठा करतो. कौतुक मात्र माझं होतं.

कारखान्यात एका बाईंनी माझी एकेक तार हातानं जोडली आणि झाकण लावण्याआधी आत पेन्सिलीनं सही केली. पुढे मी बोटीनं शारजाला आलो. हमीदभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानात सात वर्षं माझ्यावर माशांची काचपेटी होती. एवढं मोठं यंत्र, आणि काम काय, तर मासे उंचावर ठेवणं. मासे खूश होते.

मग उपेंद्रनं मला शारजातल्याच अल मजाज भागात, अकराव्या मजल्यावरच्या त्याच्या घरी आणलं. त्याची बायको वासंती शनिवारी मुलांना गाणं शिकवते. पहिल्याच वर्गाला तिच्या मोबाइलची बॅटरी संपली, आणि तिचा तानपुरा मोबाइलमध्येच होता. माझ्यातून तेव्हा बारीक घरघर येत होती. तिनं कान दिला. पेटीच्या पांढरी पाचच्या किंचित वर, अजिबात न हलणारा सूर.

"ह्याचाच सा धरा," ती म्हणाली.

तो पुढे दोन वर्षं धरला गेला. दसऱ्याला मला झेंडूचा हार पडला. माझ्या आजाराची पूजा चालली होती आणि मी गप्प बसलो. खरं तर गप्प बसता येत नव्हतं, तोच आजार होता.

नऊ वर्षांच्या मिहिकाचा सूर कुठेही भटकायचा. पण माझ्या झाकणावर हात ठेवला की तिचा सा खांबासारखा उभा राहायचा. यंदा मराठी मंडळाच्या गणपतीत ती पहिल्यांदाच एकटी गाणार होती. कार्यक्रमाला सहा दिवस उरले असताना माझी घरघर मुलांपेक्षा मोठी झाली आणि जळका वास येऊ लागला. रविवारी उपेंद्रनं सुदेशला बोलावलं; मिहिकाही सरावाला आलेली होती. सुदेश देवगडचा इलेक्ट्रिशियन, दुबईत मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात राहतो.

त्यानं माझा आवाज शून्यावर आणला. घरघर तशीच. बाहेरून येणाऱ्या सगळ्या तारा काढल्या. तशीच.

"वहिनी, रोग गाण्यात नाय, पोटात आहे. वीज गाळून घेणारे कपॅसिटर सुकलेत. भिंतीतल्या विजेची थरथर सरळ स्पीकरात उतरते. कधी फुटतील सांगता येत नाय."

"कार्यक्रमानंतर केलं तर? मिहिकाचा सा त्याच्यावर आहे."

सुदेशनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोणाचा सा?"

"इट्स माय सा," मिहिका म्हणाली.

"बाय माझे, तू हात ठेवतेस त्याच्या खाली साडेतीनशे व्होल्ट आहेत."

उपेंद्रनं स्क्रू-ड्रायव्हर उचलला. "प्लग काढला की खलास ना?"

"खलास तुम्ही व्हाल, साहेब. ठेवा तो खाली."

प्लग काढून सुदेश आतली वीज उतरायची वाट बघत बसला. मग झाकण उघडलं. वीज छातीतून जाऊ नये म्हणून एक हात खिशात घातला आणि दुसऱ्यानं, रबरी चिमट्याच्या तारेनं, साठलेली वीज जिरवायला एक जाड रेझिस्टर लावला. मीटरवरचे आकडे उतरू लागले. दोनशे नव्वद. एकशे साठ. चाळीस. शून्य. मी तर प्लग निघाला की स्वतःला रिकामा समजायचो.

दहा मिनिटांनी त्यानं पुन्हा मोजलं. चार व्होल्ट.

"कुठून आले?" उपेंद्रनं हळूच विचारलं.

"वीज मुरलेली असते आत. परत काढायची."

नवे कपॅसिटर बसले. माप तेच, प्लसला प्लस. टॉर्चच्या उजेडात मिहिकाला ती पेन्सिलीची सही दिसली. "हू इज शी?" कोणालाच ठाऊक नव्हतं. चौघंही त्या सहीवर वाकून उभे राहिले, देवळात उभे राहतात तसे.

मग सुदेशनं मला थेट भिंतीला जोडलं नाही, मध्ये एक बल्ब लावला. "हा भगभगीत राहिला तर आत शॉर्ट." बल्ब एकदा लख्ख झाला आणि मंदावला. नळ्या केशरी झाल्या.

आणि काहीच ऐकू आलं नाही. एवढी शांतता माझ्यात होती, हे मलाच माहीत नव्हतं.

मिहिकाचे डोळे भरले. "इट्स गॉन."

"हात ठेव," वासंती म्हणाली.

तिनं हात ठेवला. खाली फक्त ऊब होती. मग माइकसमोर तिनं सा लावला. सुदेशनं थरथर मोजायला माझ्या स्पीकरच्या तारांना मीटर लावला आणि तो मीटर दोनदा पुसला.

"वहिनी, हा सेकंदाला शंभर वेळा थरथरायचा. पोरगी दोनशेवर उभी आहे. बरोब्बर दुप्पट."

"म्हणजे तोच सा, एक सप्तक वर," वासंती म्हणाली.

कार्यक्रमात पेटीवाले काका हैराण झाले. "दोन पट्ट्यांच्या मधून गाते हो ही," म्हणाले, आणि पेटी बंद करून ऐकत बसले.

मित्रांनो, जुन्या यंत्राची घरघर ऐकलीत तर हार घालू नका, जाणकाराला बोलवा. प्लग काढलात तरी आम्हाला रिकामं समजू नका. आत काय काय मुरलेलं असतं, ते आम्हालाही ठाऊक नसतं.

मिहिका अजून दर शनिवारी येते, माझ्यावर हात ठेवते, आणि सा लावते. मी गप्प असतो. आता जमतं.