बोटीचं दार

ते दार गाडीतून उतरवलं तेव्हा मीच त्याला हळदकुंकू लावलं. घरात नवी वस्तू आली की लावायचं, मग ते तांब्याचं घंगाळ असो की लोखंडाचं दार. पुरुषभर उंच, बोटभर जाड, कडेनं रबराची पट्टी आणि बाहेरून आवळायच्या सहा मुठी. उतरवताना ते एका हमालाच्या पायावर घसरलं आणि त्याची दोन बोटं तिथंच राहिली. दारावर लाल ठिपके दिसले. मला वाटलं, माझ्या हातून कुंकू जास्त सांडलं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. वरवट बकालला आमचा जिन होता. कापसातली सरकी काढून रुई करायची आणि गाठी बांधून मुंबईला पाठवायच्या. त्या साली आमचे हे गाठींबरोबर स्वतः मुंबईला गेले. तिथे एक म्हातारी झालेली आगबोट मोडीत काढली होती, तिचं सामान बोली लावून विकत होते. ह्यांनी एक आरसा घेतला, सागवानी बाक घेतलं आणि हे दार घेतलं. रुईच्या खोलीला असं दार असलं म्हणजे चोरी नाही, असा हिशेब.

रहेमतुल्लाभाऊ आमच्या इंजिनाचा आगवाला, सोनाळ्याचा माणूस. आधी आगबोटीवर कोळसा मारी, दहा वर्षांपासून आमच्याकडे होता. दारावर पितळी पट्टी होती, तिच्यावरचं इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. पण त्यानं ती बोटानं चाचपली, मग दाराच्या आतल्या बाजूवर हात फिरवला. तिथे वाकडेतिकडे पोचे होते, रंगाखाली दडलेले. हात एका पोच्यावर थांबला.

"हे आपल्या लेडी बोटीचं हाये," तो म्हणाला.

त्या बोटीच्या गोष्टी मी त्याच्या तोंडून पुष्कळ ऐकल्या होत्या. दुपारी ताक न्यायला तो मागच्या दाराशी येई आणि मी विचारी.

"लेडी कॉन्स्टन्स नाव, वहिनी. आमी लेडी बोट म्हनो. तीन धुराडे. आपलं अख्खं वरवट तिच्यात मावलं असतं, अन् वरून बजार भरवाले जागा उरली असती."

"आणि जायची कुठे?"

"कुठीच नाही. साहेबलोक बसत, मुलूख पाहात, अन् जिथून निंघाले तिथंच उतरत."

"देव नाही? यात्रा नाही?"

"नाही."

"मग व्यापार?"

"निस्तं फिरनं, वहिनी! त्याच्यासाठी रोज साठ गाड्या कोयसा."

मला फार नवल वाटे. दर्शन नाही, नवस नाही आणि माणूस महिनोन्‌महिने पाण्यावर! तो सांगे, वर पांढऱ्या दगडाचा हौद होता, समुद्रातच असून समुद्राचं पाणी भरलेला. काचेचं छप्पर, कुंड्यांतली झाडं, आरशासारखी घासलेली नाचायची लाकडी फरशी. मोठ्या लढाईत सरकारनं बोट मागून घेतली आणि तिला पांढरा रंग दिला. त्याच फरशीवर चार वर्षं जखमी सोल्जरांचे हातपाय कापले. लढाई सरली, सुतारांनी फरशी रंधली, पुन्हा बाजा सुरू.

"अन् रक्त?" मी विचारलं होतं.

"लाकडाच्या फटीत गेलेलं थोडीच निंघते? आमच्या डोक्यावरच होती ते फरशी. उन्हायात वास ये."

खाली चोवीस भट्ट्या. तिथे हा आणि ह्याचा धाकटा भाऊ फकीर मोहम्मद कोळसा मारत. चक्कर येऊन पडला की मुकादम लाथ घाली, उठला नाही की खाऱ्या पाण्याची बादली ओती. एकदा कोळशाच्या कोठारात आग लागली. आत पाच जण होते, त्यात फकीर. साहेबानं दार लावून सहाही मुठी आवळायला लावल्या. हवा बंद की आग बंद. बोट वाचली. आतून पाचही जण फावड्यांनी दार ठोकत होते, सकाळपासून दुपारपर्यंत. वर बाजा चालू होता, कारण पाव्हण्यांना कळू द्यायचं नव्हतं.

ते हेच दार.

"मालक," रहेमतुल्लाभाऊ ह्यांना म्हणाला, "हे दार लावू नोका. लागलं तं भट्टीत घालून वितयवा."

"काऊन बे?" माझे दीर इंद्रभानभाऊजी पुढे झाले. "तुया बापानं घेतलं का ते?"

"माह्या भावाची कबर हाये, इंद्रभानभाऊ."

भाऊजींनी त्याच्या कमरेत लाथ घातली. "कबर हाये तं फातिहा पढ, अन् मंग चौकट बसवाले हात लाव."

त्याच्याच हातांनी ते दार बसवलं गेलं. मी ह्यांना काही म्हटलं नाही. आमच्या घरात बायका जेवायला वाढताना बोलत, एरवी नाही.

त्या खोलीत सहा बाया बसून कवडी वेचत, म्हणजे रुईत आलेला डागी कापूस निराळा काढत. म्हातारी गोजरबाई होती, रहेमतुल्लाभाऊची बायको अमीना होती. ओच्यात रुई लपवून नेतात म्हणून भाऊजी त्यांना सकाळी आत घालून बाहेरून कुलूप लावीत आणि संध्याकाळी झडती घेत. झडतीत एकदा अमीनानं त्यांचा हात झटकला, तेव्हा त्यांनी तिचा कान फाटेस्तोवर बाळी ओढली. कुलपाच्या किल्ल्या दोन. एक त्यांच्या खिशात, एक माझ्या कमरेच्या जुडग्यात.

माझा नेम असा होता: आंघोळ, तुळशीला पाणी, मग देवघरात बसून अकरा माळा जप. माळ हातात असेतो बोलायचं नाही आणि आसन सोडायचं नाही. बारा वर्षं चालला होता. अंगात ताप असतानाही मी तो पुरा केलेला. जिनातल्या बाया म्हणत, मालकीणबाईच्या जपानं आपला जिन राखला हाये. मी नको म्हणायची, पण मनात बरं वाटायचं.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. हे खामगावला गेले होते. देवघराच्या भिंतीपलीकडेच जिनाचं आवार. दहावी माळ संपत आली तेव्हा ठोका ऐकू येऊ लागला. एक, जरा थांबून दुसरा. मला वाटलं, सुतार गाडीचं चाक ठोकतो आहे. ठोका एकसारखा होता, त्यामुळे मन लागलं. एक ठोका, एक मणी. त्या दिवशी जप फार छान चालला होता.

अकराव्या माळेचे एकोणीस मणी उरले असताना रहेमतुल्लाभाऊ देवघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. कपाळ फुटलं होतं, एका डोळ्यात रक्त उतरलं होतं.

"वहिनी, किल्ली!"

मी हाताचा पंजा दाखवला. थांब.

"रुईच्या खोलीत आग लागली. बाया अंदर हायेत. इंद्रभानभाऊ दार उघडू देत नाही, मले गजानं मारलं. किल्ली द्या, वहिनी!"

मी माळ उचलून दाखवली. एवढेच राहिले आहेत. आणि पुढचा मणी ओढला.

तो उंबऱ्याबाहेरच होता. दहा वर्षांत त्यानं तो ओलांडला नव्हता. तिथूनच हात जोडून म्हणाला, "अमीना हाये अंदर. ठोका आयका, वहिनी. सुताराचा नोहे तो."

मी ऐकला. मला कळलं. आणि कळल्यावरही माझ्या बोटांनी आणखी मणी ओढले. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की बोटांना सवय होती. पण बोटं माझीच होती. बारा वर्षांचा नेम सात मण्यांसाठी मोडायचा, ह्याचंच मला वाईट वाटत होतं.

सात उरले तेव्हा तो आत आला. रक्ताळल्या हातानं माळ धरली आणि हिसडा मारला. दोरा तुटला, मणी समईखाली, पाटाखाली सगळीकडे उडाले. मी जुडगा सोडून त्याच्या अंगावर टाकला. "पळ," म्हटलं. त्याच्यामागे मीही पळाले, अनवाणी, डोक्यावरचा पदर न सावरता.

दाराच्या फटीतून एक रेघसुद्धा धूर येत नव्हता, इतकं ते घट्ट बसलं होतं. वरच्या झरोक्यातून मात्र काळा लोट निघत होता. वीसेक माणसं माना घालून उभी होती. भाऊजी दारासमोर लोखंडी गज घेऊन.

"दार उघडलं की हवा जाईल बे!" ते ओरडत होते. "तीनशे गाठीचा माल हाये. घंटाभर थांबा, आपोआप इझते."

"अन् बाया?"

"बाया तं कवाच खपल्या असतील!"

त्यांच्या पाठीमागून दोन ठोके आले. मग आले नाहीत.

रहेमतुल्लाभाऊ फावडं घेऊन धावला. भाऊजींचा गज त्याच्या खांद्यावर बसला, तसं त्यानं फावडं आडवं घालून त्यांच्या गुडघ्यावर मारलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. ते पडले. त्यानं कुलूप काढलं आणि मुठी फिरवू लागला. मुठी तापून लाल व्हायच्या राहिल्या होत्या. पहिलीलाच तळहाताची कातडी चिकटून राहिली, तरी त्यानं सहाही फिरवल्या.

दार उघडलं आणि अमीना त्याच्या अंगावर पडली. ती दाराला टेकून उभीच होती. हातात रुई मोजायचं पाच शेरी वजन अजून धरलेलं. बाकीच्या पाच जणी जमिनीला तोंड लावून पालथ्या होत्या, त्यांना माणसांनी पायांनी ओढून काढलं. गोजरबाई खोकत खोकत म्हणाली, "मी म्हनत होती तिले, निजून राह्य पोरी, खाली धूर कमी हाये. ते म्हने, ठोकन कोन मंग?"

पाची जगल्या. अमीना ठोकायला उभी राहिली होती, धूर सगळा तिच्या छातीत गेला.

तेवढ्यात भाऊजी सरपटत आले आणि दार लोटू लागले. "बंद करा! हवा! माल जाऊन राह्यला!" रहेमतुल्लाभाऊनं अमीनाला खाली ठेवलं नव्हतं. एका हातानं ती धरलेली, दुसरा हात त्यानं चौकटीत घातला. दार त्या हातावर बसलं आणि कोपराखालचं हाड बाहेर आलं. मग मात्र त्यानं तिला अलगद भुईवर ठेवलं, उरल्या हातात फावडं घेतलं आणि भाऊजींच्या तोंडावर मारलं. एकदा, दोनदा. दात उडाले. तिसऱ्या वेळी पात्याचं टोक डोळ्यात गेलं.

मी तीन हातांवर उभी होते. माळ तुटली होती, मौन सुटलं होतं, माझ्या एका शब्दावर तो थांबला असता. मी बोलले नाही.

रुई दोन दिवस जळत होती.

भाऊजींनी खाटेवरून फिर्याद दिली: रहेमतुल्लानं जिनाला आग लावली, देवघरात शिरून भावजयीच्या अंगाला हात घातला, किल्ली हिसकली, आणि अडवायला गेलो तर डोळा फोडला. असं ठरलं असतं तर त्याला फाशी नाहीतर काळं पाणी होतं. चौकशीला बुलढाण्याहून साहेब येणार होते.

आदल्या संध्याकाळी ह्यांनी माझ्यापुढे माळ ठेवली. जावेनं मणी गोळा करून नव्या दोऱ्यात ओवली होती.

"साहेब सकायीच येनार हाये," हे म्हणाले. "सकायी तुयं मौन असते. सगळ्या गावाले ठाऊक हाये. जपाची माय घेऊन बस अन् उठू नोको."

"आणि रहेमतुल्लाभाऊ?"

"तो आपला कोन लागते? इंद्रभान माहा भाऊ हाये."

सकाळी मी आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं. आसनावर बसले, माळ हातात घेतली. बाहेर खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. मी पहिला मणी धरला आणि तो पुढे जाईना. माळ देवापुढे ठेवून मी उठले.

साहेबाला मी दारापाशी नेलं. आतल्या बाजूचे जुने पोचे दाखवले, फावड्याच्या धारेचे, लांबट. त्यांच्याशेजारी नवे, पाच शेरी वजनाचे, गोल. साहेबानं टोपी काढून एका गोल पोच्यात अंगठा ठेवला.

"ती किती वेळ ठोकत होती?" त्यानं कारकुनाकरवी विचारलं.

"दहावी माळ संपायच्या आधीपासून," मी म्हटलं. "त्यानं माझ्या अंगाला हात लावला नाही. माळेला लावला. किल्ली माझ्याकडे होती. तो हात जोडून उभा होता आणि मी त्याला बारा मणी थांबवलं. हे लिहा."

कारकून लिहायचा थांबला. "बाई, हे लिवलं तं तुमच्यावर येते."

"लिहा," मी म्हटलं.

ह्यांनी तिथेच, साहेबासमोर, माझ्या थोबाडीत मारली. कानात पुष्कळ वेळ घंटा वाजत राहिली.

इंद्रभानभाऊजींना सात वर्षांची सजा झाली. रहेमतुल्लाभाऊला डोळ्याबद्दल दीड. माझ्यावर काही आलं नाही. साहेब म्हणाला, जप करणं हा गुन्हा नाही. त्यानंतर हे माझ्या हातचं पाणी प्यायले नाहीत.

सुटून आल्यावर रहेमतुल्लाभाऊ एकदाच आला. वाकडा बसलेला हात घेऊन त्यानं घणानं बिजागऱ्या तोडल्या, दार गाडीत घातलं आणि सोनाळ्याला नेलं. अमीनाची कबर तिकडेच होती. मी ताक दिलं. तो उभ्यानं प्यायला आणि भांडं ठेवून गेला.

जप मी अजून करते. पण आता आसन घालत नाही. मागच्या दाराच्या चौकटीत उभी राहून माळ ओढते, दार सताड उघडं ठेवून. कुठे ठोका वाजला की माळ खुंटीला अडकवते आणि पाहायला जाते. बहुतेक वेळा कोणी बैलाचा खुंटा ठोकत असतं. पाहून येते आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून धरते. काही दिवस अकरा माळा होतच नाहीत.